क्षेत्रखोलीची मापपट्टी

क्षेत्रखोलीची मापपट्टी : कॅमेऱ्याच्या भिंगाच्या नळीवर अंतरदर्शक आकड्यांशेजारी कोरलेली आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस एफ-अंकांच्या जोड्या दाखविणारी पट्टी. भिंग एखाद्या अंतरावर केंद्रित केले असता त्या अंतराच्या अलीकडील व पलीकडील किती पल्ल्यातील पदार्थ छायाचित्रात पुरेसे स्पष्ट येतील, हे या पट्टीवरून वाचता येते. या पल्ल्यास क्षेत्रखोली असे म्हणतात. अंतराची पट्टी व क्षेत्रखोलीची पट्टी या एकाच नळीवर शेजारीशेजारी असल्या, तरी त्यांचे स्वरूप मूलतः भिन्न आहे. अंतराची पट्टी ही भिंगाची रचना व कॅमेऱ्यावरील त्याचे स्थान यांवर अवलंबून असते. क्षेत्रखोलीची पट्टी मात्र छायाचित्र केवढ्या चौकटीवर घेतले जाईल, ते किती मोठे केले जाईल आणि किती अंतरावरून पाहिले जाईल, यांविषयीच्या एका संकेतावर आधारलेली असते. त्यामुळे चौकटीचा आकार बदलला, की पहिली पट्टी खरी राहते व दुसरीचा अर्थ बदलतो. छायाचित्रणाच्या इतिहासात हा अनुभव अनेकदा आला. फिल्मची जागा इलेक्ट्रॉनीय प्रकाशसंवेदकाने घेतल्यावर तो सर्वांत ठळकपणे प्रत्ययास आला.

तत्त्व : भिंग एका वेळी एकाच अंतरावर काटेकोरपणे केंद्रित होऊ शकते. त्या अंतरावरील बिंदूची प्रतिमा फिल्मवर बिंदूरूपच उमटते. त्याहून जवळच्या बिंदूपासून आलेले किरण फिल्मच्या मागे व दूरच्या बिंदूपासून आलेले किरण फिल्मच्या पुढे एकत्र येतात. म्हणून अशा बिंदूंच्या जागी फिल्मवर लहानशी चकती उमटते. तिला धूसर वर्तुळ म्हणता येईल. हे वर्तुळ इतके लहान असेल, की ते डोळ्याला बिंदूच भासेल, तर तेथील पदार्थ स्पष्ट मानला जातो. निरोगी डोळ्याला सु. एक मिनिट कोनापर्यंतचे बारकावे वेगळे ओळखता येतात. २५ सेंमी. अंतरावरून पाहताना हा कोन सु. ०.०७ मिमी. लांबीइतका होतो. तथापि सर्वसामान्य छायाचित्रासाठी एवढी काटेकोर अट घातली जात नाही. तयार प्रतीवर ०.२ ते ०.२५ मिमी. व्यासाची चकती चालेल, असे व्यवहारात धरतात.

प्रत जितक्या पट मोठी केली असेल तितक्या पटीने फिल्मवरील वर्तुळ लहान असावे लागते. २४ × ३६ मिमी. चौकटीपासून सु. २० × २५ सेंमी. आकाराची प्रत काढण्यासाठी सु. साडेआठ पट विवर्धन करावे लागते. ०.२५ ला साडेआठने भागले असता सु. ०.०३ मिमी. हे मूल्य मिळते. या चौकटीसाठी कोरलेल्या बहुतेक मापपट्ट्यांच्या मुळाशी एवढाच हिशेब आहे.

अनंत अंतरापर्यंतचे सर्व काही स्पष्ट यावे यासाठी भिंग किमान ज्या अंतरावर केंद्रित करावे लागते, त्यास हायपरफोकल अंतर म्हणतात. केंद्रांतर क, एफ-अंक फ आणि धूसर वर्तुळाचा स्वीकारलेला व्यास व असेल, तर हायपरफोकल अंतर ह पुढील सूत्राने मिळते : ह = क² ÷ (फ × व) + क. भिंग या अंतरावर केंद्रित केले असता साधारणपणे त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंतचा पल्ला स्पष्ट येतो. सूत्रातील क व फ या राशी भिंगावरून ठरतात. व ही राशी मात्र माणसाने ठरवावी लागते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

प्रारंभीचा इतिहास : एकोणिसाव्या शतकात छायाचित्रे मोठ्या काचपट्टीवर घेतली जात आणि त्यांच्या प्रती बहुधा काचपट्टी कागदावर ठेवून त्याच आकारात काढीत. विवर्धन नसल्यामुळे काचपट्टीवरील स्पष्टता तीच प्रतीवरील स्पष्टता असे. मापनाचा प्रश्न त्यामुळे सोपा होता; परंतु तो कोणी तरी मांडणे आवश्यक होते. टॉमस सटन व जॉर्ज डॉसन यांच्या १८६७ च्या छायाचित्रण-कोशात या विषयाची एक नोंद आढळते. ६ इंच केंद्रांतराच्या भिंगाला पाव इंच व्यासाचे छिद्र लावले असता २० फुटांपासून अनंतापर्यंतचे सर्व पदार्थ सारखेच स्पष्ट येतात, असे उदाहरण तीत दिले आहे. पुढे हायपरफोकल अंतर या नावाने रूढ झालेल्या कल्पनेचे हे एक आद्य रूप होय.

त्या काळात प्रतीवरील एक शतांश इंच, म्हणजे सु. ०.२५ मिमी. व्यासाची चकती मान्य समजण्याची पद्धत रूढ झाली. दहा इंचांवरून पाहताना हे प्रमाण एकास एक हजार असे पडते. त्यावरून केंद्रांतराचा हजारावा भाग हाच धूसर वर्तुळाचा मान्य व्यास धरावा, असा सोयीचा नियम निघाला. या नियमाने हायपरफोकल अंतर छिद्राच्या व्यासाच्या सु. हजार पट येते. त्यामुळे कोष्टक जवळ नसतानाही हिशेब तोंडी करता येई. मात्र प्रत अशा अंतरावरून पाहिली जाईल, की तिच्यातील दृश्य डोळ्याला मूळ दृश्याइतक्याच कोनात दिसेल, हे त्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात लहान प्रती हातात धरून व मोठ्या प्रती भिंतीवर टांगून पाहिल्या जात. गृहीत व व्यवहार यांतील हे अंतर तेव्हापासूनच आहे.

लहान चौकटीचा उदय : विसाव्या शतकात चौकट लहान झाली आणि विवर्धन अपरिहार्य झाले. जर्मनीतील व्हेट्‌सलार येथील लाइट्स कंपनीतील ऑस्कर बार्नाक यांनी चलच्चित्रपटाच्या ३५ मिमी. रुंदीच्या फिल्मवर चालणारा लहान कॅमेरा पहिल्या महायुद्धापूर्वी तयार केला होता. चलच्चित्राची चौकट १८ × २४ मिमी. होती; ती दुप्पट करून त्यांनी २४ × ३६ मिमी. हे माप घेतले. १९२५ साली लाइपसिक येथील जत्रेत हा कॅमेरा लायका या नावाने लोकांपुढे आला. लवकरच माक्स बेरेक यांनी आखलेले ५० मिमी. केंद्रांतराचे एल्मार भिंग त्याला बसविण्यात आले.

एवढ्याशा चौकटीतून मोठी प्रत काढावयाची तर जुनी अट पुरेशी नव्हती. हजाराव्या भागाच्या नियमाने ५० मिमी. भिंगासाठी वर्तुळाचा व्यास ०.०५ मिमी. येतो आणि साडेआठ पट विवर्धनानंतर तो ०.४ मिमी. हून मोठा दिसतो. लाइट्सच्या भिंगांसाठी १/३० मिमी. हे मूल्य रूढ झाले. हा ५० मिमी.चा पंधराशेवा भाग आहे. इतर उत्पादकांनीही याच्या जवळपासची मूल्ये स्वीकारली. अशा रीतीने एका विशिष्ट चौकटीचा व मध्यम आकाराच्या प्रतीचा संकेत धातूवर कोरला गेला. पट्टीवर व ची ही किंमत कोठेही लिहिलेली नसते. वापरणाऱ्याला ती भिंगाच्या इतर आकड्यांइतकीच अचल वाटते, याचे मूळ येथे आहे.

मापपट्टीची रूपे : पुढील काळात ही पट्टी वाचण्यास सुलभ व्हावी म्हणून अनेक युक्त्या योजण्यात आल्या. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्याच्या भिंगांवर एफ-अंक निरनिराळ्या रंगांत लिहून त्याच रंगांच्या रेषा पट्टीवर काढल्या होत्या. १९५७ च्या हॅसलब्लाड ५०० सी या ६ × ६ सेंमी. चौकटीच्या कॅमेऱ्यासाठी झाइसने केलेल्या भिंगांवर छिद्र बदलताच आपोआप सरकणारे दोन लाल दर्शक होते. स्वित्झर्लंडमधील केर्न कंपनीच्या १६ मिमी. चलच्चित्र-कॅमेऱ्यांसाठीच्या स्विटार भिंगांवर छिद्र लहान केले की नारिंगी ठिपके अधिकाधिक संख्येने उघडे होत. केंद्रांतर बदलणाऱ्या झूम भिंगांत एकच पट्टी पुरत नाही. म्हणून पुढे-मागे सरकणाऱ्या नळीच्या झूम भिंगांवर निमुळत्या होत जाणाऱ्या वक्र रेषा काढल्या जात.

१९८० नंतरच्या दशकात स्वयंचलित केंद्रीकरण प्रचारात आले. मिनोल्टा ७००० (१९८५) व कॅननची ईओएस मालिका (१९८७) यांनंतर भिंगाची नळी हाताने फिरविण्याचे काम कमी झाले. जलद केंद्रीकरणासाठी नळीचे फिरणे थोडे ठेवले गेल्याने आकडे एकमेकांजवळ आले आणि क्षेत्रखोलीची पट्टी दोन-तीन खुणांपुरती उरली किंवा नाहीशी झाली. पट्टीचे महत्त्व ओसरत असतानाच चौकटीचा आकार पुन्हा बदलला.

प्रकाशसंवेदकाचा आकार : मोठ्या आकाराचा निर्दोष संवेदक तयार करणे प्रारंभी अत्यंत खर्चिक होते. एका सिलिकॉन चकतीतून मोठे तुकडे थोडेच निघतात आणि एखादा दोष आढळला, की अख्खा तुकडा वाया जातो. म्हणून पहिले इलेक्ट्रॉनीय कॅमेरे जुन्या सांगाड्यात व जुन्या भिंगांसह, पण लहान संवेदकावर चालले. १९९१ मधील कोडॅकचा डीसीएस हा कॅमेरा निकॉन एफ३ च्या सांगाड्यावर आधारलेला असून त्याचा संवेदक सु. २०.५ × १६.४ मिमी. होता. १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये तो २३.७ × १५.६ मिमी. होता. २००३ च्या ऑलिंपस ई-१ पासून वापरात आलेल्या फोर-थर्ड्‌स पद्धतीत त्याचे माप सु. १७.३ × १३ मिमी. आहे. २४ × ३६ मिमी. आकाराचा पूर्ण संवेदक असलेला कॅननचा ईओएस-१डीएस २००२ मध्ये आला. परंतु सामान्य ग्राहकाच्या आटोक्यातील कॅमेरे दीर्घकाळ लहान संवेदकाचेच राहिले.

या बदलाचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ५० मिमी. भिंग एफ/८ वर ठेवून ५ मी. अंतरावर केंद्रित केले आहे असे समजू. २४ × ३६ मिमी. चौकटीवर १/३० मिमी.च्या संकेताने सु. ३.३ मी. पासून १०.५ मी. पर्यंतचा पल्ला स्पष्ट येतो आणि भिंगावरील पट्टीही हेच दाखविते. निकॉन डी१ सारख्या दीडपट लहान संवेदकावर तेच भिंग लावले, तर तेवढीच मोठी प्रत काढण्यासाठी विवर्धन दीडपट करावे लागते व मान्य वर्तुळ तितकेच लहान होते. आता हा पल्ला सु. ३.७ ते ७.७ मी. एवढाच उरतो. फोर-थर्ड्‌स संवेदकावर तो सु. ४ ते ६.८ मी. होतो. भिंग तेच, अंतर तेच व छिद्रही तेच असून क्षेत्रखोली घटली आहे. कोरलेली पट्टी मात्र पूर्वीचेच आकडे दाखविते.

याच्या उलट, लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात क्षेत्रखोली अधिक मिळते असेही म्हटले जाते आणि तेही खरे आहे. दृश्याची तेवढीच रुंदी चौकटीत यावी म्हणून लहान संवेदकासाठी कमी केंद्रांतराचे भिंग घेतात. फोर-थर्ड्‌स संवेदकावर २५ मिमी. भिंग एफ/८ वर ५ मी. अंतरावर केंद्रित केले, तर सु. २.४ मी. पासून अनंतापर्यंत सर्व स्पष्ट येते. वरील दोन विधानांत विसंगती नाही. पहिल्यात भिंग कायम ठेवले आहे, तर दुसऱ्यात दृश्य कायम ठेवले आहे. केंद्रांतर सूत्रात वर्गाच्या रूपाने येत असल्याने ते निम्मे झाल्याचा परिणाम वर्तुळ निम्मे झाल्याच्या परिणामावर मात करतो. २५ मिमी. भिंग एफ/४ वर ठेवले असता छिद्राचा प्रत्यक्ष व्यास ५० मिमी. भिंगाच्या एफ/८ इतकाच, म्हणजे ६.२५ मिमी. होतो आणि दोन्ही चित्रांतील क्षेत्रखोली जवळजवळ सारखी येते. मोबाइल फोनमधील कॅमेऱ्याचे छिद्र केवळ काही मिमी. व्यासाचे असल्याने त्यात मागचे-पुढचे सर्वच स्पष्ट दिसते. पार्श्वभूमी धूसर हवी असल्यास ती गणिताने निर्माण करण्याचा मार्ग २०१६ च्या सुमारास रूढ होऊ लागला.

लायका एम८ : जुन्या पट्टीचा व नव्या चौकटीचा संघर्ष सर्वांत स्पष्टपणे २००६ च्या लायका एम८ या कॅमेऱ्यात दिसून आला. त्याचे माउंट १९५४ पासून चालत आलेले होते. त्यामुळे अर्धशतकातील भिंगे त्यावर बसत आणि त्यांच्यावरील पट्ट्या ठळक व तपशीलवार होत्या. संवेदक मात्र १८ × २७ मिमी. होता. या परंपरेतील छायाचित्रकार डोळ्याला कॅमेरा लावण्यापूर्वीच पट्टी पाहून भिंग ठरावीक पल्ल्यावर ठेवतात व प्रसंग घडताच कळ दाबतात. ३५ मिमी. भिंग एफ/८ वर ठेवून पट्टीवरील ८ च्या खुणेशी अनंताचे चिन्ह जुळविले असता भिंग सु. ४.६ मी. वर केंद्रित होते आणि पट्टी २.३ मी. पासून अनंतापर्यंत स्पष्टतेची ग्वाही देते. एम८ वर मान्य वर्तुळ १/४० मिमी. होत असल्याने स्पष्टतेचा पल्ला सु. २.६ मी. पासून केवळ १८ मी. पर्यंत असतो. दूरचा रस्ता किंवा डोंगर प्रत मोठी केल्यावर मऊ दिसतो आणि तो प्रसंग पुन्हा टिपता येत नाही.

यावरील उपाय सोपा आहे. छिद्र आहे तेच ठेवून पट्टीवर मात्र अधिक मोठ्या छिद्राची खूण वाचावी. चौकट जितक्या पट लहान असेल तितक्याने एफ-अंकास भागावे, हा त्याचा नियम होय. एम८ वर एफ/८ साठी सु. ६ ची, दीडपट लहान संवेदकावर सु. ५.६ ची व फोर-थर्ड्‌स संवेदकावर ४ ची खूण वापरावी. हीच गोष्ट ६ × ६ सेंमी. कॅमेऱ्यांच्या बाबतीतही घडली. हॅसलब्लाडच्या जुन्या सांगाड्यांना २००६ मध्ये सु. ३७ × ३७ मिमी. संवेदकाची पाठ जोडता येऊ लागली, तेव्हा त्या लाल दर्शकांचा पल्लाही सु. एक खूण आत धरणे आवश्यक झाले.

अंतराची पट्टी : संवेदक लहान झाल्याने अंतराची पट्टी चुकत नाही. भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर चौकटीच्या रुंदीवर अवलंबून नसते. तिची अचूकता माउंट व संवेदक यांमधील अंतरावर अवलंबून असते. हे अंतर निकॉन एफ माउंटसाठी ४६.५ मिमी., लायका एमसाठी २७.८ मिमी. आणि २००८ मध्ये आलेल्या मायक्रो फोर-थर्ड्‌ससाठी १९.२५ मिमी. आहे. दुसऱ्या माउंटचे भिंग बसविण्यासाठी या दोन अंतरांतील फरकाइतक्या जाडीचा अडॅप्टर वापरतात. अनंतापर्यंत केंद्रीकरण निश्चित व्हावे म्हणून तो कित्येकदा किंचित पातळ केलेला असतो. त्याची जाडी ०.१ मिमी.ने कमी पडली, तर ५० मिमी. भिंगाची अनंताची खरी जागा २५ मी.च्या खुणेजवळ येते. २४ मिमी. भिंगात ती ६ मी.च्याही अलीकडे सरकते. अशा वेळी दोन्ही पट्ट्या फसव्या ठरतात, पण त्यांची कारणे वेगळी असतात. पहिलीचा दोष यांत्रिक असतो व अडॅप्टर बदलून तो दूर करता येतो. दुसरीत दोष असा नसतोच, केवळ संकेत बदललेला असतो.

संवेदक लहान झाल्याने केंद्रीकरणातील चूक खपण्याची मर्यादाही कमी होते. संवेदकाच्या पातळीवर ही मर्यादा दोन्ही बाजूंस सु. फ × व इतकी असते. एफ/२ वर ती २४ × ३६ मिमी. चौकटीसाठी सु. ०.०६७ मिमी. व फोर-थर्ड्‌ससाठी सु. ०.०३३ मिमी. भरते.

नवे संकेत : २००९ मध्ये लायका एम९ पूर्ण २४ × ३६ मिमी. संवेदकासह आला आणि जुन्या पट्ट्या पुन्हा आपल्या चौकटीवर आल्या. तरीही प्रश्न पूर्णपणे मिटला नाही. त्याच्या १ कोटी ८० लाख चित्रबिंदूंपैकी प्रत्येकाची रुंदी सु. ०.००७ मिमी. आहे. म्हणजे १/३० मिमी.चे धूसर वर्तुळ जवळजवळ पाच चित्रबिंदू रुंद असते. संगणकाच्या पडद्यावर चित्र पूर्ण आकारात उघडून पाहणाऱ्यास ते सहज जाणवते. पूर्वीचा प्रेक्षक प्रत हातात धरून पाहत असे. नवा प्रेक्षक चित्राचा एखादा कोपरा मोठा करून पाहतो. चौकट तीच राहिली, तरी पाहण्याची रीत बदलली, की संकेत बदलतो.

काही उत्पादकांनी ही निवड वापरणाऱ्याच्या हाती दिली आहे. फुजीफिल्मच्या एक्स मालिकेतील काही कॅमेऱ्यांच्या पडद्यावरील क्षेत्रखोलीची पट्टी फिल्मच्या आकाराच्या आधारे किंवा चित्रबिंदूच्या आधारे दाखविता येते. दुसऱ्या पर्यायात पट्टी पुष्कळच आखूड दिसते. झाइसच्या २०१५ मधील बाटिस भिंगांवर कोरीव पट्टीऐवजी लहान प्रकाशित पडदा असून त्यावर अंतर व क्षेत्रखोली आकड्यांत उमटतात. पडद्यावरील पट्टी बदलता येते, कोरलेली बदलता येत नाही, हा या दोहोंतील मुख्य फरक होय.

क्षेत्रखोलीची पट्टी म्हणजे स्पष्ट व अस्पष्ट यांमधील नैसर्गिक सीमारेषा नव्हे. काटेकोर स्पष्टता एकाच अंतरावर असते व तिच्या दोन्ही बाजूंस धूसरता क्रमाक्रमाने वाढत जाते. पट्टी या क्रमावर एका ठिकाणी खूण करते आणि ती खूण विशिष्ट चौकट, विशिष्ट प्रत व विशिष्ट प्रेक्षक यांच्यासाठी असते. हे ध्यानी घेऊन वाचल्यास १९५४ च्या भिंगावरील पट्टी आजच्या संवेदकावरही उपयोगी पडते. छायाचित्रकाराला आपली प्रत केवढी होणार व ती कोण कशी पाहणार, एवढे मात्र आधी ठरवावे लागते.